सनातनी मालवीयांची पुणे करारावर सही कशी?

प्रश्न (एक वाचक, सोलापूर): पुणे करार म्हटलं की गांधी आणि आंबेडकर एवढंच आठवतं, पण परवा सह्या बघितल्या तर त्यात मदनमोहन मालवीय. ते तर हिंदू महासभेचे, पक्के सनातनी ना? मग राखीव जागांच्या कागदावर त्यांची सही कशी काय? आणि ते वकील होते म्हणतात, ते नावापुरतं का?

उत्तर: आधी एक गंमत, त्या करारावर गांधीजींची स्वतःची सहीच नाहीये. ते अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध (म्हणजे त्यांचे प्रतिनिधी फक्त त्यांच्याच मतांनी निवडायचे) येरवडा तुरुंगात उपोषणाला बसलेले, वाटाघाटी बाकीच्यांनी केल्या आणि सवर्ण हिंदूंच्या बाजूने सही करणाऱ्यांत मालवीय मुख्य. 24 सप्टेंबर 1932. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यात (कोणत्या समाजाला किती जागा, हे ठरवणारा त्यांचा निर्णय) अस्पृश्यांना प्रांतिक कौन्सिलांत 71 जागा होत्या त्या 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. मालवीयांना नको होते ते स्वतंत्र मतदारसंघ, जागा वाढवून द्यायला त्यांची हरकत नव्हती, म्हणजे सरळ वकिली तडजोड. दुसऱ्याच दिवशी मुंबईत त्यांच्याच अध्यक्षतेखाली सभा झाली आणि यापुढे जन्मावरून कुणाला अस्पृश्य मानायचं नाही असा ठराव झाला.

सनातनी मात्र ते होतेच, त्यात शंका नको. वडील भागवताची कथा सांगणारे. 1931 साली गोलमेज परिषदेला लंडनला निघाले तर सोबत गंगाजल घेऊन गेले, वय सत्तरीला आलेलं. तरुणपणी काळाकांकरच्या राजाच्या 'हिंदोस्थान' पेपरचं संपादकपद घेताना अट घातली म्हणतात, की दारू प्यायलेले असाल तेव्हा मला बोलवायचं नाही. राजाने एकदा बोलावलं आणि यांनी नोकरी सोडली, विषय संपला. (वकिलीची सनद नंतरची, पण अटी घालायची सवय आधीपासूनच दिसतेय.)

वकिली नावापुरती वगैरे अजिबात नव्हती. 1891 ला एलएलबी, मग अलाहाबाद हायकोर्टात चांगलं बस्तान. कोर्टात नागरी लिपी चालावी म्हणून पुराव्यांचं एवढं मोठं निवेदन तयार करून गव्हर्नरपुढे ठेवलं आणि 1900 मध्ये तशी परवानगी निघाली. पुढे बनारस हिंदू विद्यापीठासाठी चालती प्रॅक्टिस सोडून दिली, पण चौरीचौराच्या (1922 ला जमावाने पोलीस ठाणं जाळलं त्या) खटल्यात सेशन्स कोर्टाने 172 जणांना फाशी सुनावली तेव्हा काळा कोट परत अंगावर चढवला. 1923 ला हायकोर्टाने 19 फाशा कायम ठेवल्या, बाकीचे फासावरून उतरले, कोणाला जन्मठेप, कोणी सुटलेच. माझ्या मते विद्यापीठापेक्षाही हे काम मोठं, पण पुतळ्याखाली सहसा विद्यापीठच लिहिलेलं असतं.

आता तुमच्या प्रश्नातली खरी मेख. दशाश्वमेध घाटावर बसून सगळ्या जातींच्या लोकांना मंत्रदीक्षा देणारा हा माणूस, त्याबद्दल कर्मठांच्या शिव्या खाल्लेला, पण 1933 मध्ये मंदिरप्रवेशाचं बिल आलं तेव्हा मात्र विरोधात, गांधीजी बिलाच्या बाजूने असतानाही. कारण काय तर धर्मातला बदल धर्माच्या माणसांनी करावा, सरकारने कायदा करून नाही. ऐकायला ठीक आहे, पण देवळाच्या बाहेर पिढ्यानपिढ्या उभं राहिलेल्याने अजून किती वाट बघायची याचं उत्तर त्यात नाही, आणि आंबेडकरांचा भरवसा याच ठिकाणी उडालेला होता. त्यामुळे मालवीयांना सुधारक म्हणून डोक्यावर घेणं पण मला पटत नाही आणि नुसते कर्मठ म्हणून मोडीत काढणं पण नाही.

आणि सही केली म्हणून ब्रिटिशांचा तो जातीय निवाडा त्यांनी मान्य केला असंही समजू नका. काँग्रेस त्यावर ना हो म्हणे ना नाही, म्हणून 1934 ला वैतागून त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी काढली. सोबत होते आपले विदर्भातले लोकनायक बापूजी अणे, तेही वकीलच.