मागीलदारी येणारा कोल्हा

तुम्ही विचारलंय की गुहागरजवळ खाडीकाठच्या घरात नुकतेच राहायला आलात, तिन्हीसांजेला गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, कोल्हा दिसतो. तो जंगलातून इतक्या लांब येतो कसा, आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे तर घाबरायचं का.

तो लांबून येतच नाही, तो तिथलाच आहे. माझा जन्म दापोली तालुक्यात खाडीच्या काठी गेला. आपल्या किनाऱ्यावर दिसतो तो सोनेरी कोल्हा. खोकड निराळं, ते जेमतेम तीन किलोचं, झुबकेदार शेपटीचं, घाटावरच्या कोरड्या माळांवर राहणारं. आपला कोल्हा आठ-दहा किलोंचा, कुत्र्याच्या जवळच्या नात्यातला. दिवसा तिवरांच्या दाटीत, सुरूच्या बनात नाहीतर सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जांभ्याच्या कपारीत पडून असतो. ओहोटी लागली की चिखलात उतरून कुर्ल्या धरतो. उंदीर, मेलेली मासळी, करवंदं, काहीही चालतं. ‘कोल्हा काकडीला राजी’ म्हणतात ते खरंच आहे. पावसाळ्यात आमच्या परसातल्या चिबडांवर त्याच्या दातांच्या खुणा मी पाहिल्यात. वेळासला तो कासवांची अंडी उकरतो, म्हणून तिथे अंडी उचलून कुंपणात नेऊन पुरतात.

आमच्या चार कोंबड्या त्यानं एका रात्रीत नेल्या. मी संतापून विष घालायला निघालो होतो, आईनं अडवलं. तिचं बरोबर होतं. खुराड्याचं दार कामट्यांचं होतं, आणि मासे साफ करून आतडी आम्ही रोज माडाच्या बुंध्यात टाकत होतो. त्या वासानं तो येत होता. दाराला बारीक जाळी मारली, आतडी खड्ड्यात पुरायला लागलो. कोल्हा अजून येतो, पण न थांबता पुढे जातो. शेवटी घर आपणच त्याच्या वाटेवर बांधलंय. पलीकडच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाडीकाठच्या दलदलीत, भराव पडला तेव्हापासून तर वाडीत तो जास्त दिसतो. जाणार कुठे बिचारा?

त्याला मारू नका, कुणाला मारू देऊ नका. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं तो पहिल्या अनुसूचीत आलाय, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं संरक्षण. नशीब उघडतं असं सांगून ‘कोल्ह्याचं शिंग’ विकणारा दारात आला तर हाकलून द्या. कोल्ह्याला शिंग नसतं, आणि त्या भुलीपायी कोल्हे मारले जातात.

आता मुलीचं. निरोगी कोल्हा माणसाची चाहूल लागली की निघून जातो. तरी दिवेलागणीनंतर तिला एकटीला मागीलदारी सोडू नका, आणि कौतुकानंसुद्धा कोल्ह्याला खायला घालू नका. दिवसा दिसला एवढ्यानं तो पिसाळलेला ठरत नाही. पण झोकांड्या देत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, हुसकावूनही अंगावर येत असेल तर सगळ्यांना आत घ्या आणि वनविभागाला 1926 वर फोन करा. चावलाच, नुसता ओरखडा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना काही लावू नका. घरी कुत्रा असेल तर त्याची रेबीजची लस या आठवड्यातच करून घ्या, कारण रात्री कोल्ह्याच्या अंगावर धावून जाणारा पहिला तोच असतो.