गरीब देशांतल्या बायका देहविक्रीकडे का वळतात? दुसरं काम मिळत नाही का?

दुसरं काम मिळतं. बहुतेकींनी ते आधी केलेलंही असतं, आणि कित्येक जणी हे करता करताही ते करत असतात. रोहिणी सहानी आणि कल्याण शंकर या अभ्यासकांनी भारतातल्या १४ राज्यांत देहविक्री करणाऱ्या ३००० स्त्रियांची पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यातही हेच दिसलं की यातल्या खूप जणी आधी घरकाम, शेतमजुरी, बांधकामावरची मजुरी अशी कामं करून आलेल्या होत्या.

नाशकात एड्स नियंत्रणाच्या एका प्रकल्पात मी काही वर्षं समुपदेशक होते. तिथे भेटलेल्या बऱ्याच जणी साध्या चाळीत, भाड्याच्या खोलीत राहायच्या. शेजाऱ्यांना माहीत असायचं ते एवढंच, की बाई सातपूरला कंपनीत जाते, नाहीतर केटरिंगच्या कामाला. आणि ते खोटं नसायचं. महिन्यातले काही दिवस ती खरोखरच केटरिंगला पोळ्या लाटत असायची.

एका ताईंबद्दल सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नवरा सोडून गेलेला, दोन मुलं. दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायच्या. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत हाताला काम असतं. पुढे एप्रिल छाटणी झाली की पावसाळ्यात रोज मिळेलच याचा भरवसा नाही. त्यातच धाकट्याला डेंग्यू झाला. खाजगी दवाखान्यात आधी डिपॉझिट भरा म्हणाले. मुकादमाकडे उचल मागितली तर तो द्यायला तयार होता, पण पुढच्या हंगामाच्या मजुरीवर, म्हणजे पुढचं वर्षही आत्ताच खाऊन टाकायचं. शेवटी मायक्रोफायनान्सच्या गटातून कर्ज उचललं. दर गुरुवारी हप्ता. या गटकर्जात एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्यांना भरावा लागतो, त्यामुळे वसुलीवाल्याच्या आधी गटातल्याच बायका दारात येऊन बसतात. ताईंच्या पिशवीत त्या हप्त्यांचं कार्ड कायम असायचं, घड्या पडून पडून मधोमध फाटलेलं. त्यांना या कामाची वाट दाखवली ती गटातल्याच एकीने. फसवून नेलं नाही. "गुरुवार निघेल," एवढंच ती म्हणाली होती.

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नुसती गरिबी म्हटलं की पुरत नाही. गरीब बायका लाखोंनी आहेत आणि त्यातल्या बहुतेक या वाटेला जात नाहीत. हातावर पोट असताना एकदम मोठी रक्कम लागते, ती आजच लागते, आणि मागे माहेर नाही, जमीन नावावर नाही, नवऱ्याची कमाई नाही. अशा वेळी त्याच दिवशी रोख हातात देणारी कामं फार थोडी आहेत. केनियाच्या पश्चिमेला बुसिया भागात जोनाथन रॉबिन्सन आणि ईथन ये या अर्थतज्ज्ञांनी अशा स्त्रियांकडून रोजच्या रोज नोंदवह्या लिहून घेतल्या होत्या. घरात कुणी आजारी पडलं की त्या दिवसांत कंडोमशिवाय संबंधांचं प्रमाण वाढत होतं, कारण गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे देतं. बुसिया कुठे आणि दिंडोरी कुठे, पण ते वाचताना मला आमच्या प्रकल्पातल्या बायकाच दिसत होत्या. कंडोमचं महत्त्व त्यांना पाठ होतं, पैशाची नड असली की पाठ असून काय उपयोग?

जबरदस्तीने आणलेल्या मुलीही आहेत, कामाच्या किंवा लग्नाच्या आमिषाने विकलेल्या. तो सरळ गुन्हा आहे. अठराच्या आतली मुलगी असेल तर तिची संमती होती का, हा प्रश्नच येत नाही. जबरदस्ती आणि स्वतःहून केलेलं काम या दोन गोष्टी एकात मिसळल्या की मात्र घोटाळा होतो. छाप्यात सज्ञान बाईलाही उचलून सुधारगृहात ठेवतात, आणि इकडे मुलं शेजारणीकडे, भाडं थकलेलं, व्याज चालूच. बाहेर आली की आधीपेक्षा जास्त कर्जात. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याने कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे, स्वेच्छेने देहविक्री करणं गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पोलिसांना हे बजावलं, आणि सज्ञान स्त्रियांना मनाविरुद्ध कुठे डांबून ठेवलंय का ते तपासायलाही राज्यांना सांगितलं.

"मग शिलाई मशीन का देत नाहीत?" असं लोक विचारतात. दिली आहेत. नाशकात ब्लाउज शिवून गुरुवारचा हप्ता निघत नाही. मी पाहिलेल्या ज्या जणी यातून बाहेर पडल्या, त्या कर्ज फिटल्यावर किंवा मुलगा कमावता झाल्यावर पडल्या. कागदांनीही फरक पडतो. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्तेला महिना १५०० रुपये मिळू शकतात, पण नवऱ्याने टाकल्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड हे सगळं जमवताना मजुरीचे दिवस बुडतात. त्याच २०२२ च्या आदेशात पत्त्याचा पुरावा नसला तरी अशा स्त्रियांना आधार कार्ड देण्याची सोय आहे. त्यासाठी नॅको (केंद्राची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर आधी तिचं आधार आणि बँकेचं खातं बघा. काम का करतेस, हे नंतरही विचारता येईल.