कऱ्हाडे सापडत नाहीत

प्रश्न : ताई, मुलाला पुण्यात आयटीत नोकरी लागली, पण ‘टेस्टर’ म्हणून. आमचे भाऊजी म्हणतात, ज्यांना प्रोग्रामिंग जमत नाही त्यांना तिकडे टाकतात. खरं आहे का? – एक आई, सातारा

उत्तर : भाऊजींना माझा नमस्कार सांगा. बावीस वर्षं मी हेच काम करतेय, त्यामुळे भाऊजींची मला सवय आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीतही ‘मुलगी सॉफ्टवेअर करत नाही, नुसतं तपासते’ असं कुणीतरी कुजबुजलं होतं.

एक प्रसंग सांगते. वर्गणीदारांची नोंद मराठीत ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही एका ग्राहकाला दिलं होतं. तिसऱ्याच दिवशी फोन आला, ‘कऱ्हाडे सापडत नाहीत.’ प्रोग्रामरने आपल्या मशीनवर कऱ्हाडे टाईप केलं, सेव्ह केलं, शोधलं, लगेच मिळालं. ‘माझ्याकडे तर चालतंय,’ म्हणाला आणि चहाला गेला. मी ग्राहकाच्या काउंटरवर जाऊन बसले. तिथल्या बाई सकाळी एक कीबोर्ड वापरत आणि दुपारच्या पाळीतला मुलगा दुसरा. एकाचा ‘ऱ्ह’ नुक्त्याच्या ऱ पासून बनायचा. दुसऱ्याचा साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडे जुळे भाऊ, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ओळख ना पाळख. सकाळी नोंदवलेला माणूस दुपारी गायब! मग सेव्ह करताना आणि शोधतानाही दोन्ही रूपं एकाच साच्यात आणायची, असं ठरलं.

तिथेच बसल्या बसल्या दुसरं सापडलं. पावतीवर ‘ज्ञानेश्’ छापून येत होतं, पुढचा ‘वर’ गडप. ज्ञानेश्वर आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात आणि बेरीज होते दहा. पावतीवर नावाला जागा होती आठ. प्रोग्रामरने तपासलं होतं स्वतःचं नाव टाकून, आणि बिचाऱ्याच्या नावाला ना काना ना मात्रा.

हुशार मुलगा होता तो, आजही आहे. पण आपलंच लिखाण आपल्याला खटकत नाही. या मासिकात मुद्रितशोधक का ठेवतात? माझ्या मागच्या लेखातल्या अकरा चुका त्यांनी काढल्या, आणि मी पोटापाण्यासाठी चुका शोधते! मुलाला पेढे वाटू द्या.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात, हाताने टेस्टिंग संपलं, आता फक्त ऑटोमेशन. सेलेनियमचा क्लास लावू का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : लाव, पण आधी क्लासची फी दोन ठिकाणी विचार. सेलेनियम, म्हणजे वेबसाइट आपोआप तपासायचं साधन, फुकट मिळतं. 2004 मध्ये शिकागोत जेसन हगिन्सने ते सुरू केलं. त्या काळी या बाजारात मर्क्युरी नावाची बडी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा म्हणतात, म्हणून गमतीने ते नाव. टेस्टर लोकांचे विनोद हे असे असतात.

आता कामाचं. स्क्रिप्टला, म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या तपासणीला, जे बघायला सांगशील तेवढंच ती बघते. आमच्याकडे एकदा रात्रभर सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, आणि सकाळी उघडून बघतो तर एकूण रक्कम पांढऱ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात. आकडा बरोबर होता, त्यामुळे स्क्रिप्टची काहीच तक्रार नव्हती. रोज तेच तेच पन्नास वेळा तपासायचं असेल तर ते मशीनवर सोपव. काय तपासायचं, हे डोकं मात्र तुझं. वय 18 ते 60 हवं असं फॉर्मवर लिहिलं असेल, तर 35 टाकून खूश होऊ नकोस. 17, 18, 60, 61 टाक. मग रिकामं सोड, मग मराठी आकड्यांत ‘१८’ टाक आणि गंमत बघ. जोडीला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शीक. डेटाबेसमध्ये स्वतः डोकावता आलं नाही, तर पडदा सांगेल ते खरं मानावं लागतं.

प्रश्न : कॉम्प्युटरमध्ये खरंच किडा सापडला म्हणून सॉफ्टवेअरमधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात ना? – एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : किडा खरा, ‘म्हणून’ खोटं. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने वहीत लावला आणि शेजारी लिहिलं, की बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. शब्द आधीपासून रुळलेला होता, म्हणून तर तो विनोद. एडिसनच्या 1878 च्या पत्रातही यंत्रातल्या खोडीला ‘बग’च म्हटलंय. वही आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे, पतंगासकट.

प्रश्न : आमची टेस्टर रिलीजच्या आदल्या संध्याकाळीच बग नोंदवते. मुद्दाम करते का? – एक त्रस्त डेव्हलपर, हिंजवडी

उत्तर : तपासायला सॉफ्टवेअर तुम्ही तिला किती वाजता दिलं होतं?