फोटोच्या दिवशी नवीन काही नको

प्रश्न : ताई, माझ्या आईला पुढच्या महिन्यात ७० पूर्ण होतायत. तिचा एकटीचा नीट असा एकही फोटो नाहीये, सगळे कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधले. आम्ही भावंडांनी गोखले रोडजवळच्या एका स्टुडिओत बुकिंग केलं तर ती म्हणाली, "आत्तापासून हाराचा फोटो काढून ठेवताय का?" आता तिला कसं तयार करू आणि तयारी काय काय करायची?
(एक वाचक, नौपाडा)

उत्तर : हे वाक्य माझ्या स्टुडिओत मी खूपदा ऐकलंय आणि दर वेळी पोटात कालवतं, कारण ते उगीच आलेलं नसतं. तिने स्वतःच्या सासू-सासऱ्यांचे फोटो भिंतीवर चढताना पाहिलेत, तेही बरेचदा पासपोर्ट साइजवरून नाहीतर ग्रुपमधून कापून मोठे केलेले, धूसर. त्यामुळे "असं काय बोलतेस गं" म्हणून तिला गप्प करू नका. सरळ सांगा की हा फोटो वाढदिवसालाच फ्रेम होऊन हॉलमध्ये लागणार आणि येणाजाणाऱ्याला तो तूच दाखवायचास. तिची बहीण किंवा जवळची मैत्रीण असेल तर तिलाही सोबत न्या, दोघींचे दोन फोटो आधी होऊ देत, गप्पा सुरू होतात आणि मग एकटीचा फोटो कधी निघाला हे कळतही नाही.

आता तयारी. माझा एकच आग्रह असतो, त्या दिवशी कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करायची नाही. नवी साडी नको, नवा ब्लाउज तर अजिबात नको, खांद्यावर ओढला जाणारा ब्लाउज असला की बाई सगळा वेळ तोच सारखा करत बसते आणि चेहऱ्यावर तेच दिसतं. चार वेळा नेसलेली, तिला अंगावर आवडणारी काठपदराची साडी घ्या, फक्त जर खूप चमकणारी असेल तर फोटोग्राफरला आधी सांगा म्हणजे तो लाइट बाजूने घेईल. झगझगीत पोपटी किंवा भडक गुलाबी टाळा, त्या रंगाची झाक हनुवटीखाली येते. टिकली खड्यांची नको, साधी. गजरा घालणार असाल तर निघताना घ्या, आदल्या रात्रीचा मोगरा सकाळपर्यंत तपकिरी पडतो.

केसांना डाय लावत असतील तर आठवडाभर आधी लावा, ताजा डाय काळाकुट्ट दिसतो आणि कपाळाच्या कडेला डाग राहतात. फेशियलही त्याच हिशोबाने, थ्रेडिंग तीन-चार दिवस आधी. कवळी असेल तर घालूनच जायचं, कवळी नसली की गाल आणि जबडा दोन्ही बदलतात, मग फोटो घरच्यांनाच ओळखू येत नाही. चष्मा रोज लावत असतील तर तो ठेवा. काचेत लाइट दिसायला लागला की चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायच्या, काचा थोड्या खाली झुकतात आणि चमक जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर बाहेरून आल्यावर काही मिनिटं थांबा, त्या हळूहळू साफ होतात.

वेळ सकाळी दहा-साडेदहाची घ्या. उठून दोन-तीन तास झालेले असतात, डोळ्यांखालची सूज उतरते, नाश्ता आणि बीपीची गोळी झालेली असते. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का हे आधी विचारा, आणि उंच स्टुलाऐवजी हाताची खुर्ची मागून घ्या, पाठ टेकायला मिळाली की माणूस शांत बसतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल किंवा प्रखर लाइटचा त्रास होत असेल तर तेही सांगा. आणि जाताना पिशवीत कापूस न्या. खरंच सांगते, हात मोकळे असले की बायका अवघडतात, आणि वाती वळायला बसलेल्या बाईचा चेहरा जगात कुणी पोज देऊन आणू शकत नाही.

टचिंगचंही आधीच ठरवा. माझा नियम असा आहे की पंधरा दिवसांत आपोआप जाणारं काही असेल, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, तर ते काढावं, तीळ आणि सुरकुत्या राहू द्याव्यात. तुमच्या आईच्या डोळ्यांच्या कडेच्या रेषा पुसल्या तर ते हसू तिचं राहणार नाही, आणि तुम्हाला तिचा फोटो हवाय ना!

प्रश्न : मी ऐरोलीत आयटी कंपनीत आहे, नोकरी बदलायचीये म्हणून लिंक्डइनसाठी प्रोफेशनल फोटो काढतोय. मोबाईलवर माझं नाक फार मोठं येतं आणि कुठल्याच फोटोत मी मला आवडत नाही. काय करू?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : नाकाचं आधी बघू, कारण त्यात तुमच्या नाकाची चूक नाहीये. सेल्फीत कॅमेरा हातभर अंतरावर असतो, तिथून नाक कानांपेक्षा बरंच जवळ पडतं म्हणून ते मोठं दिसतं. स्टुडिओत पाच-सहा फुटांवरून ८५ एमएमसारख्या लेन्सने काढतात, तेवढ्या अंतरावर नाक-कानातला हा फरक जवळजवळ राहतच नाही. आणि आवडत नाही त्याचं कारण बहुतेक आरसा आहे. आपला चेहरा डाव्या-उजव्या बाजूला सारखा नसतो, आपण रोज आरशातला उलटा चेहरा बघतो, फोटोत तो सुलट येतो आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. म्हणून निवडताना एकटे बसू नका, बायकोला किंवा ऑफिसातल्या मित्राला दाखवा, ते तुम्हाला सुलटच बघतात.

शर्ट प्लेन घ्या, गडद निळा किंवा फिकट आकाशी. बारीक चौकडा किंवा बारीक रेघा नकोत, डिजिटल फोटोत त्यांच्यावर लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती काढताना जीव जातो. कॉलर तुमच्याच गळ्याला बसणारी हवी, ही गोष्ट लोक सोडून देतात आणि फोटो पाहिल्यावर पहिलं लक्ष तिथेच जातं. ठाण्याला किंवा वाशीला लोकलने जाणार असाल तर शर्ट हँगरवर कव्हरमध्ये न्या, तिथे जाऊन घाला, आपल्याकडच्या घामट हवेत इस्त्री दोन स्टेशनंही टिकत नाही. पोचल्यावर दहा मिनिटं एसीत बसा, टिश्यूने कपाळ आणि नाक टिपा, चोळू नका. सनस्क्रीन त्या दिवशी कमीत कमी, झिंक ऑक्साइडवाली क्रीम फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा करते. खिशातला मोबाईल आणि गळ्यातलं आयडी काढून ठेवा. कटिंग आठवडाभर आधी, दाढी नेहमी ठेवता तशीच, कारण इंटरव्ह्यूला तोच चेहरा जाणार आहे. उभं राहताना खांदे थोडे तिरके, मान किंचित पुढे आणि हनुवटी जराशी खाली, करताना विचित्र वाटतं पण गळ्याची रेघ स्वच्छ येते. फोटोग्राफरला सांगा की प्रोफाइलमध्ये गोल कापला जाणार, चारी बाजूंनी जागा सोडा.

प्रश्न : आमचा साखरपुडा झालाय, दोघांचे फोटो बाहेर काढायचेत. ठाण्यातलं उपवन तळं की नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याकडची खाडी?
(एक वाचक, सीवूड्स)

उत्तर : दोन्हीकडचा उजेड वेगळा आहे. उपवनला येऊरचे डोंगर पश्चिमेला, त्यामुळे सूर्य आधीच डोंगराआड जातो आणि तळ्यावर मऊ, एकसारखा उजेड राहतो, चेहऱ्याला तो फार छान. खाडीकडे पश्चिम मोकळी आहे, मावळतीचा रंग हवा असेल तर तिथे जा, पण वेळ थोडा मिळतो म्हणून तासभर आधी पोचा. रस्त्यावर मात्र उभं राहून काढू नका, गाड्या सुसाट असतात. एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, तो पंधरा-वीस मिनिटं आधी बॅगेतच बाहेर ठेवायला सांगा. चप्पल रोजची न्या, नवे सँडल चावले की दोघांच्याही चेहऱ्यावर दिसतं.

प्रश्न : पैसे देऊन काढलेल्या फोटोंची मूळ फाइल फोटोग्राफर देत नाही, हक्क कुणाचा?
(एक वाचक, कोपरी)

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो. पण मालकी वेगळी आणि कुठल्या फाइली हातात द्यायच्या ते वेगळं, त्यामुळे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या किती फोटो, कुठल्या साइजचे, टचिंग केलेले की सगळेच. १२ बाय १८ इंचाची चांगली प्रिंट हवी असेल तर ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल मागा आणि ती पेनड्राइव्हवरच घ्या, व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.