सोलापूरच्या आठ मित्रांनी परदेशात गोल्फ खेळायला जायचं, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की आठ जण आहात, त्यातले तिघे नवखे, फेब्रुवारीत पाच-सहा दिवस काढू शकता आणि एका मित्राने स्कॉटलंडचं टुमणं लावलंय. आम्हीही सोलापूरचेच, आठ जणांचीच टोळी. दोन वर्षांपूर्वी हे सगळं करून आलोय, म्हणून लिहितो.

कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, सगळ्यात शेवटी निवडा. आधी माणसं आणि पैसे.

आमचा आठवा गडी निघायच्या दहा दिवस आधी गळाला. भाचीचं लग्न ठरलं, कारण खरंच होतं. पण व्हिलाचं भाडं आठांत वाटलेलं, व्हॅन आठांच्या हिशेबाने ठरवलेली, टी टाइमचे (खेळ सुरू करायच्या राखून ठेवलेल्या वेळेचे) पैसे भरलेले आणि परत न मिळणारे. तो म्हणाला, "मी आलोच नाही तर पैसे कशाचे?" तेही बरोबर, आमचंही बरोबर. पुढे सहा महिने आमच्या नाष्ट्याच्या कट्ट्यावर तो आला की विषय बदलायचा. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या अंगठ्यांवर विसंबू नका. ज्याची अनामत जमा, तोच येणार. आणि ऐनवेळी गळाला तर त्याच्या वाट्याचं काय, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर बोलून घ्या. आठ हा आकडा मात्र उत्तम आहे. गोल्फचा गट चारांचा, म्हणजे दोन गट सरळ बसतात.

पॅकेज एजंटकडून घेणार असाल तर त्यावर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा आयकर) वसूल होतो. तो बुडत नाही, ज्याच्या पॅनवर भरला त्याला रिटर्नमध्ये वळता करता येतो. आम्ही शहाणपणाने सगळं बुकिंग एकाच्या पॅनवर केलं आणि नंतर त्याच्याकडून आपापला वाटा मागताना ओशाळलो. प्रत्येकाचं पॅन वेगळं द्या.

आता स्कॉटलंड. तिथल्या सेंट अँड्र्यूज गावच्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर खेळायला हँडिकॅपचा (खेळाडूला कौशल्यानुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा) दाखला लागतो. बहुतेक लोक सोडतीत नाव घालतात आणि ती खेळायच्या दोन दिवस आधी निघते. रविवारी तिथे गोल्फ बंद, गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात. त्यात फेब्रुवारी म्हणजे कडाक्याची थंडी, दिवस लहान, आणि गवत जपायला फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चटईच्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारायचा. एवढा व्हिसा-तिकिटाचा खर्च करून सोडतीत नाव निघतंय का ते बघत बसायचं? तिघे नवखे असताना तर नकोच.

आम्ही थायलंडला हुआ हिनला गेलो. बँकॉकहून साधारण तीन तासांचा रस्ता. तिथलं रॉयल हुआ हिन १९२४ सालचं, रेल्वे स्टेशनला अगदी लागून. त्याची आखणीही रेल्वेतल्या एका स्कॉटिश इंजिनिअरने केलेली. स्कॉटलंडवाल्या मित्राची एवढ्यावर समजूत निघते का बघा. गावाजवळ ब्लॅक माउंटनसारखी नवी कोर्सही आहेत. श्रीलंकेचाही विचार झाला होता. तिथे रॉयल कोलंबोच्या कोर्समधूनच रेल्वेचे रूळ जातात, नुवारा एलियाला चहाच्या मळ्यांतली थंड हवा मिळते. पण त्या दोन ठिकाणांमध्ये घाटातला प्रवास फार, आणि आमच्यात गाडी लागणारे दोघे.

तारखेचं तुम्ही बरोबर धरलंय. संक्रांतीला सोलापूरची गड्ड्याची जत्रा सोडून कोण निघणार? आणि मार्चनंतर थायलंडला उकाडा वाढतो. तरी एक सांगतो. आपण बेचाळीस डिग्रीत वाढलो म्हणून मिशीला पीळ देऊ नका. आपलं ऊन कोरडं. तिथे तिसऱ्या होलवर हातमोजा पिळून पाणी काढलं मी. हातमोजे चार-पाच न्या.

पाच दिवसांत तीनच राउंड, म्हणजे अठरा होलचे पूर्ण डाव, ठेवा. आम्ही पाच ठेवले होते. एक राउंड म्हणजे साडेचार-पाच तास, शिवाय जाणं-येणं. चौथ्या दिवशी निम्मे जण कंबर धरून पोहण्याच्या तलावाकाठी पडले होते आणि ग्रीन फी (कोर्सवर खेळायचं शुल्क) तर भरलेली.

नवख्यांसाठी स्टेबलफोर्ड या गुणांच्या पद्धतीने खेळा. हँडिकॅप वजा करून पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) केला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, दोन जास्त लागले की शून्य. शून्य झालं की चेंडू उचलून खिशात घालायचा आणि पुढे चालायचं. नाहीतर एकेका होलवर बारा-बारा फटके, मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा, आणि आपला माणूस रडकुंडीला. गट रोज बदला.

थायलंडमध्ये बहुतेक कोर्सवर कॅडी (बॅग सांभाळणारी आणि सल्ला देणारी मदतनीस) घ्यावीच लागते, जवळजवळ सगळ्या बायका. त्यांचं ऐका. आमचे डॉक्टर पहिल्या दिवशी पट मारताना (भोकाकडे चेंडू हळूच ढकलताना) म्हणाले, उतार उजवीकडे आहे. कॅडीबाईंनी मान हलवून बोटाने डावीकडचा उतार दाखवला. डॉक्टरांनी आपलंच खरं केलं, आणि चेंडू भोकाला लांबूनच रामराम करून डावीकडे निघून गेला. त्यानंतर रोज ते मुकाट्याने आधी बाईंकडे बघायचे. बक्षिशी रोख द्यायची असते. आम्ही माणशी ४०० बाट देत होतो, आणि शेवटच्या दिवशी शेंगाचटणीची पुडी. नवव्या होलला कडक भाकरीबरोबर काढली तेव्हा बाईंनी चाखून बघितली होती. त्यांना तिखटाचं काय सांगायचं!

सामानाचं आमच्या टॉवेलवाल्या मालकांनी छान जमवलं. ड्रायव्हर या सगळ्यात लांब काठीचं डोकं पान्याने काढलं, बाकीच्या काठ्यांची (क्लबांची) डोकी आपल्याच टेरी टॉवेलात एकेक गुंडाळून वरून बांधली, आणि मधे सगळ्यांत लांब क्लबपेक्षा उंच दांडा उभा केला, म्हणजे बॅग आपटली तर मार त्याच्यावर. मुंबईच्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये या बॅगा सीटखाली जात नाहीत. आम्ही वरच्या बर्थवर दोन बॅगा निजवल्या आणि दोघांनी खाली पाळीपाळीने झोप काढली. विमानात क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इनच करावे लागतात, तेव्हा तिकीट काढतानाच वजनाची मर्यादा आणि खेळाच्या सामानाचं शुल्क बघा. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत.

थायलंडला उतरण्याआधी तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, हे १ मे २०२५ पासून आहे. ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर तिथून निघा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाच्या वेबसाइटवर ताजे बघा.

आणि पत्ते. रमीचं वेड तुमच्यातही असणारच. तिथे परवान्याशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ ठेवणं गुन्हा आहे. २०१६ साली पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी लोकांना पोलिसांनी उचललं होतं, त्यात बरेच म्हातारे होते. पैसे लावून तर मुळीच खेळू नका, कोर्सवरही नाही. आम्ही पैज लावली ती परत आल्यावरच्या हुरडा पार्टीची, आणि ती मीच हरलो.

स्कॉटलंडवाल्या मित्राला सांगा, एखाद्या क्लबातून रीतसर हँडिकॅप काढून ठेव. दाखला हातात आला की पुढच्या वेळी त्याच्या स्कॉटलंडचं बघू. आणि तेव्हा जूनमध्ये जा, चटईची गरज पडणार नाही.