ट्रायथलॉनच्या शिबिराला लेकीला पाठवू का?

पत्र, थोडक्यात: "मुलगी अकरावी सायन्सला आहे. लहानपणापासून मळ्यातल्या विहिरीत पोहते, ३००० मीटर धावण्यात जिल्ह्यात दुसरी आली. ट्रायथलॉनमधले एक राष्ट्रीय विजेते छत्रपती संभाजीनगरजवळ शनिवार-रविवारचं निवासी शिबिर घेत आहेत. फी साडेसहा हजार. पोरगी हट्टाला पेटलीय. घरी साधी गिअरची सायकल आहे. पाठवावं का? लाखाची सायकल घ्यावी लागेल का? यात करिअर आहे, की नीटचा अभ्यास तेवढा बुडेल? — एक पालक, जिंतूर तालुका, जि. परभणी"

नमस्कार,

पाठवा. मात्र ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकाच शर्यतीत सलग; दोन दिवसांत पोरगी ते शिकून येईल, असं समजू नका. शिकणं घरीच होणार आहे, महिनोन् महिने. शिबिरातून तिनं दोन गोष्टी आणाव्यात. एक म्हणजे स्वतःचे खरे आकडे. दुसरं, वरच्या पातळीवरचा खेळाडू दिवस कसा लावतो ते जवळून बघून यावं: कधी उठतो, सरावाआधी किती खातो, दुपारी किती झोपतो, वहीत काय लिहितो. विजेत्यासोबत फोटो सगळेच काढतात, त्याची सरावाची वही बघायला मागणारी मुलं थोडी. तिनं ती मागावी.

पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा: मुलींसोबत महिला प्रशिक्षक मुक्कामाला आहेत का? तलावावर जीवरक्षक आहे का? धरणात पोहायला नेणार असतील तर परवानगी, सोबत होडी आणि प्रत्येकाच्या कमरेला तरंगता फुगा आहे का? जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तिथं उठून कुणीही उतरू शकत नाही. उत्तरं गोलमोल आली तर साडेसहा हजार वाचले असं समजा.

सायकल आत्ता घेऊ नका. आहे तीच न्या, फक्त हेल्मेट चांगलं घ्या. सीटची उंची घरीच लावता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांच्या मध्ये जाड वही घट्ट वर धरा, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ नं गुणायचं. माप ७६ सेंमी आलं तर पायडल फिरतात त्या दांड्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ६७ सेंमी. आपल्याकडं पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय असते, त्यानं गुडघ्याची पुढची बाजू दुखते. फार वर केली तर कंबर डावी-उजवी हलते आणि गुडघ्यामागं ओढ बसते. पुढं कधी जुनी रोड सायकल घेतलीच, तर तिच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. छोटं पितळी अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवावं लागतं. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात जादा ट्यूब आणि टायर लिव्हरशिवाय (टायर रिमवरून काढायची पट्टी) बाहेर पडूच नये.

आता पुढचं लेकीला वाचायला द्या.

तू विहिरीत पोहलीस, म्हणजे खोल पाण्याची भीती मेलेली आहे. तलावात शिकलेल्या पुष्कळ मुलांची ती जाता जात नाही. पण विहिरीत डोकं वर ठेवून पोहायची सवय लागते. डोकं वर म्हणजे कंबर खाली, आणि पाय नांगरासारखे मागून ओढले जातात. शिबिरात प्रशिक्षक हेच आधी पकडतील. नजर तळाकडं, श्वास पाण्यात सतत सोडत राहायचा, तोंड फक्त घ्यायला वळवायचं. पाय गुडघ्यातून झाडू नकोस, मांडीपासून हलव. श्वास कोंडून धरशील तर ५० मीटरमध्ये धाप लागेल आणि तुला वाटेल दम कमी आहे. दम कमी नसतो, छातीत जुनी हवा भरलेली असते.

४०० आणि २०० मीटर पोहण्याची वेळ घ्यायला सांग, मध्ये आठ-दहा मिनिटं पूर्ण विश्रांती. ४०० च्या सेकंदांतून २०० चे वजा कर, उरतील त्याचे निम्मे म्हणजे १०० मीटरची तुझी टिकणारी गती. समज, ४०० ला १० मिनिटं आणि २०० ला ४ मिनिटं ४० सेकंद लागले. ६०० वजा २८० म्हणजे ३२०, निम्मे १६०: शंभर मीटरला २ मिनिटं ४० सेकंद. पुढचे दोन महिने सराव याच आकड्यावर बेतायचा. चाचणीत पहिले ५० मीटर जीव तोडून मारलेस तर ४०० ची वेळ ढासळते आणि आकडा फसवा निघतो.

सायकलवर एकच सवय मोडून ये, जड गिअर रेटायची. पायडलचे फेरे मिनिटाला ८५ ते ९५ राहतील असा हलका गिअर लाव. मांड्या सायकलवरच संपवल्यास तर पळायला काही उरत नाही. हे पटवायला ते बहुतेक जोडसराव घेतील: ४० मिनिटं सायकल आणि उतरल्या उतरल्या १५ मिनिटं पळणं. पाय लाकडासारखे होतील, घाबरू नकोस, थोड्या वेळानं सुटतात. सायकलच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना पळणं हळू वाटतं, म्हणून मुलं पहिला किलोमीटर झेपेल त्याहून जोरात काढतात आणि तिसऱ्यात बसतात. तू तर धावणारी, तुझ्याकडून ही चूक हमखास होणार. पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून धर.

पोहून सायकलवर चढण्याच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात, तिथले नियम कडक आहेत. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही. आखलेल्या रेषेच्या पुढं गेल्यावरच बसायचं. परत येताना रेषेच्या आधी उतरायचं, सायकल अडकवायची, मगच पट्टा सोडायचा. चुकलीस तर दंड. अंगणात दोरी टाकून हे दहा वेळा कर, फुकटात मिनिटभर वाचतं.

नवे बूट, नवं जेल (शर्यतीत ताकदीसाठी खायचं), पोहायचा नवा चष्मा यातलं काहीही शिबिरात पहिल्यांदा वापरू नकोस. आदल्या रात्री ठेचा नको. तासावरच्या सायकलिंगला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, अर्धं-मुर्धं अंदाजानं नाही.

हा परिच्छेद आईसोबत वाच. जाण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा थांबली तर ते तंदुरुस्तीचं लक्षण नाही. खाणं कमी पडतंय, आणि त्यात हाडं कमजोर होतात. लगेच डॉक्टरांकडं.

पुन्हा तुमच्याकडं वळतो, दादा. करिअर. निव्वळ ट्रायथलॉन खेळून घर चालवणारे आपल्या देशात मोजके. तेव्हा खेळ आणि शिक्षण दोन्ही हातात ठेवायचं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथं मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं, ठरावीक पातळीचं प्रमाणपत्र लागतं आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी होते. खासगी स्पर्धांची फिनिशर मेडलं (शर्यत पूर्ण केल्याची) भिंतीवर शोभतात, तिथं चालत नाहीत. कित्येक पालकांना हे पोराचं वय निघून गेल्यावर कळतं. आज कोणता खेळ, कोणती स्पर्धा यादीत आहे ते परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शासन निर्णयासकट बघा. तोवर शालेय स्पर्धांत ३००० मीटर सोडू नका, जमलं तर पोहण्यातही उतरवा.

आयर्नमॅनचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं, खूळ आत्ता नको. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी पळणं, त्याला वयाची १८ वर्षं लागतात. तिच्या वयाला स्प्रिंट, म्हणजे छोटं अंतर: ७५० मीटर, २० किमी, ५ किमी. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेसकडं (अडथळ्यांची शर्यत) त्यानंतर वळला आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आला. अकरावीत उशीर झालेला नाही.

खेळाशेजारच्या वाटाही आहेत: फिजिओथेरपी, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी), पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा. तिला आहारशास्त्र आवडत असेल तर परभणीच्याच कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. फिजिओथेरपी धरली तरी बारावीचं बायोलॉजी लागतंच, म्हणजे आत्ताचा अभ्यास वाया जात नाही.

नीटसोबत आठवड्याला सहा-सात तास सराव बसतो: दोन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, दोन दिवस पळणं, एक दिवस पूर्ण सुट्टी. सायकल उजाडल्यावरच. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटे मागचा लाल दिवा न लावता उभे असतात. समृद्धी महामार्गावर तर सायकलला परवानगीच नाही. विहिरीत काठावर मोठं माणूस असल्याशिवाय उतरू देऊ नका, कितीही चांगली पोहत असली तरी.

शिबिरानंतर आठ आठवड्यांनी त्याच चाचण्या घ्या. १०० मीटरची गती दहा-पंधरा सेकंदांनी सुधारली आणि घटक चाचणीचे गुण जागेवर राहिले, तर जुन्या रोड सायकलीचं बोलू. तेव्हा दोन्ही आकडे पाठवा.