वाचकांचे प्रश्न : पेल ग्रँटचा दुसरा हप्ता नेमका केव्हा मिळतो?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीतील एका खासगी प्रशिक्षण संस्थेत मेडिकल असिस्टंटचा ९०० तासांचा, ३० आठवड्यांचा अभ्यासक्रम करते आहे. तिला २०२५-२६ या वर्षासाठी पूर्ण पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना अमेरिकन सरकारकडून मिळणारी शिक्षणाची मदत) मंजूर झाली आणि पहिला हप्ता वेळेवर जमा झाला. आता १६ आठवडे उलटले, तरी दुसरा हप्ता आलेला नाही. विचारले की "तास भरलेले नाहीत" एवढेच उत्तर मिळते. आजारपणात तिचे बरेच दिवस बुडाले आणि सध्या तिच्या नावावर ३९० तास दिसतात. मंजूर झालेली रक्कम अशी थांबवता येते का? आणि कंटाळून तिने अभ्यासक्रम सोडलाच, तर मिळालेले पैसे परत करावे लागतील का?

उत्तर : संस्थेचे उत्तर फारच त्रोटक आहे, पण ते नियमाला धरून आहे. तुमची काळजी मला समजते, कारण "मंजूर" हा शब्द ऐकला की रक्कम आपली झाली असेच कोणालाही वाटते. प्रत्यक्षात फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, भरल्यानंतर जी रक्कम कळवली जाते ती वर्षभराची कमाल मर्यादा असते आणि ती हातात पडते प्रशिक्षण जसजसे पूर्ण होईल तसतशी.

सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात हप्ता सत्राबरोबर येतो. तुमच्या मुलीचा अभ्यासक्रम मात्र तासांवर मोजला जातो, ज्याला तिथे क्लॉक अवर म्हणतात, आणि अशा अभ्यासक्रमांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा हिशोब वेगळा आहे. त्यात शैक्षणिक वर्ष म्हणजे किमान ९०० तास आणि किमान २६ आठवडे. मुलीचा अभ्यासक्रम बरोबर ९०० तासांचा असल्यामुळे त्याचे दोन समान पेमेंट पिरियड, म्हणजे हप्त्यांचे टप्पे, पडतात, प्रत्येकी ४५० तासांचे आणि १५ आठवड्यांचे. २०२५-२६ साठी पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे, म्हणून तिला पहिल्या वेळी ३,६९७ डॉलर ५० सेंट मिळाले असतील आणि दुसरा हप्ताही तेवढाच असेल. हा दुसरा हप्ता देण्यासाठी पहिल्या टप्प्यातील तास आणि आठवडे हे दोन्ही पूर्ण व्हावे लागतात. तिचे आठवडे भरले आहेत, तास भरलेले नाहीत. उलट घडले असते, म्हणजे जादा वर्ग करून तिने १२ आठवड्यांतच ४५० तास गाठले असते, तरीही १५ आठवडे होईपर्यंत थांबावेच लागले असते.

आता ३९० तासांकडे पाहू, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. संस्थेच्या लेखी धोरणात माफ होणाऱ्या गैरहजेरीची तरतूद असेल, आणि संस्थेला मान्यता देणाऱ्या मंडळाचा किंवा राज्याचा नियम त्याहून कडक नसेल, तर पेमेंट पिरियडच्या तासांपैकी जास्तीत जास्त दहा टक्के तास माफ करून ते हप्त्यासाठी पूर्ण झाले असे धरता येतात. ४५० चे दहा टक्के म्हणजे ४५ तास. ते सगळे माफ झाले, तर तिच्या खात्यावर ४३५ तास धरले जातील आणि फक्त १५ तास उरतील. आठवड्याला ३० तासांच्या वेळापत्रकात हे काम जेमतेम अडीच दिवसांचे आहे. माफी मिळाली नाही, तर ६० तास, म्हणजे पूर्ण दोन आठवडे. तेव्हा फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन "हप्ता कधी येणार" एवढेच विचारू नका. गैरहजेरीचे लेखी धोरण दाखवा, आजारपणाचे तास त्यात बसतात का ते सांगा, आणि आजपर्यंत नोंदवलेल्या तासांचा तक्ता द्या, असे स्पष्ट मागा. माझ्या मते हा तक्ता कसा वाचायचा हे प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायला हवे. तो कळला असता तर तुमचे कितीतरी दिवस काळजीत गेले नसते.

अभ्यासक्रम सोडण्याबद्दल. इथे नियम एक अनपेक्षित वळण घेतो. हप्ता देताना पूर्ण केलेले तास मोजतात, पण विद्यार्थी सोडून गेला की वेळापत्रकानुसार त्या दिवसापर्यंत ठरलेले तास मोजले जातात, मग तो त्या तासांना हजर असो वा नसो. या तासांचे प्रमाण पेमेंट पिरियडच्या ६० टक्क्यांहून अधिक झाले, की त्या टप्प्याची संपूर्ण ग्रँट विद्यार्थ्याने मिळवली असे मानतात. १६ आठवड्यांत तिच्या वेळापत्रकातील ४५० तास केव्हाच उलटून गेले आहेत. म्हणून आज सोडले तरी पहिल्या हप्त्यातले काही सरकारला परत जाणार नाही. मात्र दुसरा हप्ता गेला असे समजावे, आणि संस्थेची उरलेली फी किती द्यावी लागेल हे तिच्या प्रवेश करारातील परताव्याच्या कलमावर अवलंबून राहील.

हेच तिने १८० तासांच्या सुमारास सोडले असते, तर प्रमाण ४० टक्के होऊन ग्रँटपैकी १,४७९ डॉलरच तिचे ठरले असते. उरलेल्या रकमेपैकी आपल्या वाट्याचा भाग संस्थेला सरकारकडे परत करावा लागतो, आणि त्यामुळे फीमध्ये पडलेला खड्डा ती विद्यार्थ्याकडून मागू शकते. सरकारला काही देणे नसताना संस्थेचे बिल घरी येते ते असे.

आजारपण अजून चालू असेल, तर सोडण्याआधी मंजूर रजेची लेखी चौकशी जरूर करा. १२ महिन्यांत एकूण १८० दिवसांपर्यंतची अशी रजा मिळाली, तर विद्यार्थी सोडून गेला असे धरत नाहीत.

प्रश्न : मी भारतातून बी.कॉम. झाले आहे आणि माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. कॉस्मेटॉलॉजीच्या (केस व सौंदर्यसेवेच्या) १,५०० तासांच्या अभ्यासक्रमासाठी मला पेल ग्रँट मिळेल का? मिळाली, तर किती हप्त्यांत?

उत्तर : ग्रीन कार्डाची अट तुम्ही पूर्ण करता. अडचण पदवीची आहे. नियमित पेल ग्रँट अजून बॅचलर पदवी न मिळालेल्यांसाठी आहे आणि परदेशी पदवीही त्यात मोजली जाते. तुमची पदवी अमेरिकेतील बॅचलर पदवीच्या तोडीची नाही असे म्हणायचे असेल, तर ते दाखवणारी कागदपत्रे तुम्हाला संस्थेला द्यावी लागतात. भारतातील तीन वर्षांच्या पदवीबाबत हा प्रश्न हमखास उभा राहतो, म्हणून फी भरण्यापूर्वीच त्याचे उत्तर संस्थेकडून लेखी घ्या. फाफ्सामध्ये पदवीचा उल्लेख टाळण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. चुकीच्या माहितीवर मिळालेली ग्रँट पुढे परत करावी लागते.

तुम्ही पात्र ठरलात, तर पहिले ९०० तास ४५०-४५० असे आणि उरलेले ६०० तास ३००-३०० असे विभागले जातील, म्हणजे एकूण चार हप्ते. पूर्ण ग्रँट गृहीत धरून आणि २०२५-२६ च्या दराने पहिले दोन ३,६९७ डॉलर ५० सेंटचे आणि नंतरचे दोन २,४६५ डॉलरचे होतात. ही रक्कम आधी संस्थेच्या फीकडे वळते. फी आणि इतर मान्य खर्च वजा जाऊन काही शिल्लक राहिली, तर ती संस्थेने साधारणपणे १४ दिवसांत तुमच्या हाती द्यायची असते. पेल ग्रँटचे वर्ष १ जुलैला सुरू होते. तुमचा अभ्यासक्रम त्या तारखेच्या पुढे जाणार असेल, तर नंतरच्या हप्त्यांसाठी नव्या वर्षाचा फाफ्सा बहुधा भरावा लागेल, तो आठवणीने आणि वेळेत भरा. फाफ्सा भरण्यास एक पैसाही लागत नाही.